सात मिनिटांचा फरक

उद्धवरावांनी तेहतीस वर्षं एकच वस्तू शिजवली. गाडीच्या ब्रेकमध्ये जी कडक पट्टी असते, तिच्यातली पूड धरून ठेवायला रेझिन लागतं, ते. पुण्याच्या या बाजूला गाड्यांचे कारखाने वाढले, तसे ब्रेक बनवणारे वाढले आणि त्यांच्या मागोमाग रेझिन पुरवणारे चार-दोन लहान कारखाने आले. कळंब तालुक्यातलं गाव सोडून आलेले उद्धवराव त्यांतल्या एकात, भोसरीला, हेल्पर म्हणून चिकटले. तो बंद पडल्यावर चाकणच्या कारखान्यात ऑपरेटर झाले. संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्या, पत्नी सुभद्राबाई, लग्न होऊन नगरला गेलेली मुलगी आणि पहाटे साडेपाचला वल्लभनगरच्या कोपऱ्यावर येणारी कंपनीची बस, एवढाच त्यांचा पसारा. निवृत्तीला वर्षसुद्धा उरलं नव्हतं.

रेझिन शिजवायचं म्हणजे मोठ्या बंद टाकीत फिनॉल वितळवायचं, त्यात क्रियेला वेग देणारी कॅटलिस्टची भुकटी टाकायची, मग फॉर्मालिन सोडायचं आणि बाहेरून वाफ देऊन तापवायचं. एका टप्प्यानंतर वाफ लागत नाही. माल आपल्या अंगच्या उष्णतेनंच तापत जातो आणि उकळतो. त्याआधी ऑपरेटरनं वाफ बंद करून थंड पाणी सोडलेलं असावं लागतं. उकळी अंदाजापेक्षा फार लवकर आली तर पाणी पुरं पडत नाही. टाकीत पाच टन माल असतो आणि माणूस तिच्या तोंडाशी उभा असतो.

हे काम त्यांना भोसरीत हिंदुराव नावाच्या फोरमननं शिकवलं. हिंदुराव बोलत फार कमी. शिकवणं म्हणजे पोराला शेजारी उभं करायचं आणि आपण काम करत राहायचं. त्या काळी कॅटलिस्टची भुकटी तागाच्या पोत्यांतून येई. पावसाळ्यात पोती ओल धरत, भुकटीचे खडे होत आणि वजनात पाणीच जास्त भरे. कागदाप्रमाणे बारा किलो टाकले की बॅच रेंगाळायची. म्हणून हिंदुराव बारा किलो तोलून टाकत आणि मग पत्र्याचं एक माप भरून वर आणखी टाकत. बॅचच्या कागदावर मात्र बाराच लिहीत. उद्धवरावांनी ते पाहिलं, तिसऱ्या आठवड्यात स्वतः तसंच केलं, आणि हिंदुरावांनी मान हलवली. त्यावर दोघांत कधी एका शब्दाचंही बोलणं झालं नाही.

पुढं तागाची पोती गेली, अस्तराच्या गोण्या आल्या, भुकटी कोरडी येऊ लागली. कारखाना बदलला. वरचं माप तसंच राहिलं. बॅच त्याच चालीनं पुढं जायची आणि जे सुरळीत चाललंय त्याला कोण हात लावणार? चाकणला उद्धवरावांनी चार ऑपरेटर तयार केले, आणि चौघांनीही ते पाहूनच उचललं. साहेब लोकांना ते ठाऊक नव्हतं आणि कामगारांत त्याला नाव नव्हतं.

चौघांत विलास त्यांच्या जवळचा. मूळचा मावळातला, पिंपळे गुरवला भाड्यानं राहणारा, बत्तीस वर्षांचा. दुसऱ्या पाळीला तो उद्धवरावांच्या हातून टाकी ताब्यात घ्यायचा. येताच टाकीवर दोन थापा मारायचा आणि म्हणायचा, "भाऊ, तुमी रिटायर झाल्यावर ही बया उपाशी मरंल बघा." त्याची बायको जयमाला डब्यात उद्धवरावांसाठी वेगळी चटणी द्यायची. उद्धवराव ती घरी नेत नसत. सुभद्राबाईंना दुसऱ्या बाईच्या हातचं कौतुक सोसत नाही, असं ते हसून सांगत.

जूनमध्ये कारखान्यात साधना आली. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेली, सांगवीला राहणारी, तिशीतली बाई. तिच्यासाठी पहिल्या मजल्यावर एक खोली थंड करून चार काळ्या संगणक-पेट्या बसवल्या होत्या. तिनं ना हातमोजे घालायचे, ना टाकीजवळ जायचं. कुठला कॅटलिस्ट घातला तर रेणू कसे तुटतील, कसे जुळतील आणि त्याला किती जोर लागेल, हे सगळं ती आकड्यांत मांडायची. एका कॅटलिस्टच्या एका पायरीचं गणित सुटायला त्या पेट्यांना तीन-तीन दिवस लागत. कामगारांनी आठवड्यातच तिचं नाव ज्योतिषीणबाई ठेवलं.

पण ही बाई खाली यायची. पालथ्या पिंपावर बसून वहीत लिहून घ्यायची. आजवर जे साहेब आले, ते मीटर बघून गेले. ही उद्धवरावांना विचारायची, की कुठल्या क्षणी वाफ बंद करता, कशावरून ठरवता, ढवळणीचा आवाज बदलतो का. उद्धवरावांना आधी संकोच वाटला आणि मग कधी नव्हे तो अभिमान वाटू लागला. तिला काय साधायचं होतं, तेही तिनं सांगितलं. जुन्या कॅटलिस्टनं थोडं फिनॉल मालात तसंच राहतं, आणि ते राहिलेलं फिनॉल पुढं दळणाऱ्या-भरणाऱ्या माणसांच्या छातीत जातं. जास्त जोरकस कॅटलिस्ट मिळाला, तर तो कमी लागेल आणि फिनॉलही उरणार नाही.

"काका, खंडाळ्याचा घाट चढायला वेळ लागतो," ती एकदा म्हणाली. "बोगद्यातून गेलं की लवकर. मुंबई तीच, गाड्याही त्याच. कॅटलिस्ट म्हणजे बोगदा. कुठला बोगदा किती खालून जातो, एवढंच माझा संगणक काढतो."

"आणि सगळ्या गाड्या एकदमच बोगद्यात शिरल्या तर?"

साधना हसली नाही. तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, की खरं काम तेच आहे. किती टाकला म्हणजे सगळ्या एकदम शिरणार नाहीत, ते.

नव्या कॅटलिस्टकडं जाण्याआधी आपलं गणित खऱ्या टाकीशी जुळतं का, हे तिला पाहायचं होतं. तिनं बारा वर्षांचे बॅचचे कागद काढले. प्रत्येक कागदावर कॅटलिस्ट बारा किलो. तेवढ्यावर संगणकानं सांगितलं, की वाफ सोडल्यापासून साठाव्या मिनिटाला माल उकळायला हवा. कारखान्यात तो त्रेपन्नाव्या मिनिटाला उकळत होता. एकदा नव्हे, शेकडो वेळा, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात. दोन आठवडे ती या सात मिनिटांच्या मागं होती. मग वही घेऊन खाली आली.

"काका, तुमची बॅच माझ्या हिशोबापेक्षा सात मिनिटं आधी उकळते. असं काय होत असेल?"

उद्धवरावांना उत्तर त्याच क्षणी माहीत होतं. ते हातातल्या फडक्यानं झडपेचं चाक पुसत राहिले. खरं सांगितलं तर बारा वर्षांचे कागद खोटे ठरणार, त्यांतल्या निम्म्यांवर आपली सही. चौघा पोरांची नावं निघणार. आणि ही बाई चांगली असली तरी वरच्या मजल्यावरची आहे.

"थर्मामीटर जुना आहे मॅडम," ते म्हणाले. "दोन अंश जास्तच दाखवतो."

यात खोटं काही नव्हतं. थर्मामीटर खरोखरच जुना होता. साधनानं त्याप्रमाणे गणितात दुरुस्ती केली आणि सात मिनिटं भरून काढली.

संगणकावर अकरा कॅटलिस्ट तपासून तिनं एक निवडला. तो बारा किलोंऐवजी तीन किलो पुरणार होता. दुरुस्त गणिताप्रमाणे उकळी पूर्वीसारखीच त्रेपन्नाव्या मिनिटाला येणार होती, म्हणजे थंड पाण्याची व्यवस्था बदलायला नको. जानेवारीत पहिल्या पाळीत सहा चाचण्या झाल्या. चालवायला उद्धवराव, शेजारी साधना आणि प्रॉडक्शन मॅनेजर दिग्विजय. भुकटी हवाबंद डब्यात आली होती, मैद्यासारखी कोरडी. उद्धवरावांनी तीन किलो तोलून टाकली आणि पत्र्याच्या मापाकडं पाहिलंही नाही. साहेबांसमोर ते करायचं नसतं, हे एक. आणि या भुकटीला त्याची गरज नाही, हेही त्यांना दिसत होतं.

सहाही बॅच साठाव्या मिनिटाला उकळल्या.

साधना पुन्हा वहीत डोकं घालून बसली. पूर्वी गणितापेक्षा सात मिनिटं लवकर, आता सात मिनिटं उशिरा. दिग्विजय म्हणाला, की उशिरा उकळतंय म्हणजे आणखी सुरक्षित, मॅडम, बिघडलं कुठं? माल उत्तम निघाला होता, उरलेलं फिनॉल निम्म्याहून कमी होतं, ग्राहकाकडून होकार आला होता. तरी तिनं उद्धवरावांना जिन्यात गाठलं आणि दुसऱ्यांदा विचारलं, की जुन्या बॅचमध्ये आणि या बॅचमध्ये तुमच्या हातून काही वेगळं होतंय का. काहीही, अगदी बारीकसं.

"नाही मॅडम. तेच हात, तेच काम."

त्या रात्री जेवताना सुभद्राबाईंनी विचारलं, की आज घास का अडतोय. उद्धवराव म्हणाले, भाकरी जाड झालीय.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपासून नवा कॅटलिस्ट तिन्ही पाळ्यांना लागू झाला. पहिल्या पाळीनंतर उद्धवरावांनी टाकी विलासच्या ताब्यात दिली. नवा कागद दाखवला, तीन किलोचा आकडा बोटानं दाखवला, हवाबंद डबा दाखवला. दिग्विजय शेजारीच उभा होता. वरचं माप टाकू नको, हे त्यांना सांगायचं होतं. पण जी गोष्ट कधी तोंडानं सांगितलीच नव्हती, ती करू नको असं कुठल्या शब्दांत सांगायचं? त्यांनी विलासकडं पाहिलं. विलासनं मान हलवली. त्याला कळलं, असं उद्धवरावांनी धरून चाललं. बस भरली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता.

पाच वाजून गेल्यावर सांगवीच्या पुलाजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या साधनाला फोन आला, आणि वल्लभनगरला भाजी घेणाऱ्या उद्धवरावांना. बॅच चाळिसाव्या मिनिटालाच उकळली होती. विलासनं पाणी पूर्ण सोडलं, पण ते पुरलं नाही. टाकीचं झाकण उडालं आणि माल वरच्या मचाणावर पसरला. विलास पळाला नाही. खाली दोन हेल्पर होते, त्यांना ओरडून बाहेर काढेपर्यंत तो पाण्याच्या झडपेच्या चाकाजवळच राहिला. भुकटीचा डबा, वजनकाटा, पत्र्याचं माप, सगळं त्या मालाखाली गाडलं जाऊन दगडासारखं घट्ट झालं. हाती लागला तो विलासच्या अक्षरातला बॅचचा कागद. कॅटलिस्ट तीन किलो.

फिनॉलनं भाजलेला माणूस नुसता भाजत नाही, ते अंगात उतरतं. विलास दोन दिवस जगला. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयात उद्धवरावांना पाच मिनिटांसाठी आत सोडलं. पट्ट्यांमधून फक्त ओठ दिसत होते. उद्धवरावांनी आपलं नाव सांगितलं.

"भाऊ," विलास म्हणाला, "समदं रोजच्यासारखंच केलं व्हतं."

उद्धवराव बाहेर येऊन जिन्यात बसले. जयमाला दोन पायऱ्या वर बसली होती. तिनं विचारलं, काय म्हणाले. उद्धवराव म्हणाले, काही नाही, झोपलाय.

सरकारी चौकशी आपल्या गतीनं चालू होती. कंपनीनं स्वतःची तिघांची समिती नेमली. कागदावर तीन किलो होते, ऑपरेटर अनुभवी होता, टाकी वर्षापूर्वीच तपासलेली होती. मग उरलं ते गणित. पहिल्याच आठवड्यात कारखान्यात बोललं जाऊ लागलं, की बाईच्या संगणकानं विलासला मारलं. जेवणाच्या सुट्टीत साधना आली की टेबल रिकामं व्हायचं. कुणीतरी तिच्या खोलीच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. तिनं ती काढली नाही. एकदा उद्धवराव वरच्या मजल्यावर सही करायला गेले, तेव्हा काचेतून त्यांना ती दिसली. तोंड सुजलेलं, समोर पडद्यावर एक वर चढत जाणारी रेघ. ती रेघ पुसायची, पुन्हा काढायची.

समितीनं ऑपरेटरांना एकेक करून बोलावलं. उद्धवरावांनी सांगितलं, की नव्या पद्धतीबद्दल मला काही कळत नाही. बाकीचे तिघेही तेच म्हणाले. बाहेर आल्यावर चौघे एकमेकांकडं न बघता चहा प्यायले. तिघांच्या मनात काय आहे ते उद्धवरावांना नीट माहीत होतं, आणि त्यांच्या मनात काय आहे ते तिघांना.

कंपनीनं जयमालाला पॅकिंग विभागात नोकरी देण्याचं कबूल केलं होतं. दोष विलासचा नाही, असं ठरत होतं म्हणून. उद्धवराव स्वतःला हेच समजावत. आपण बोललो तर त्या पोरीच्या हातातलं जाईल. मेलेल्या माणसावर ठपका येईल. हे सगळं खरं होतं. तरी स्वतःला हे समजावताना त्यांना थर्मामीटरची आठवण यायची. तेही खरंच होतं.

विसाव्या दिवशी, एका शनिवारी दुपारी, साधना त्यांच्या घरी आली. पत्ता तिनं टाइम ऑफिसमधून घेतला होता. सुभद्राबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. साधनानं पिशवीतून दोन कागद काढून पलंगावर ठेवले.

तिनं अगदी साध्या भाषेत सांगितलं. टाकीच्या नोंदयंत्रातून त्या दिवसाची तापमानाची पट्टी वाचली होती. चाळिसावं मिनिट तिच्यावर स्पष्ट होतं. तिनं आधी स्वतःला दोषी धरून सगळं तपासलं. कॅटलिस्टचा जोर, पाण्याची गती, ढवळणी. काहीही बदललं तरी एक गोष्ट जुळायची आणि दुसरी बिघडायची. शेवटी तिनं थर्मामीटरची दुरुस्ती काढून टाकली आणि उलटा प्रश्न टाकला. कॅटलिस्ट नेमका किती असता, तर माल चाळिसाव्या मिनिटाला उकळला असता? उत्तर आलं साडेचार किलो. मग तोच प्रश्न बारा वर्षांच्या जुन्या बॅचना लावला. तिथं उत्तर आलं साडेतेरा. फक्त सहा चाचण्या अशा होत्या, ज्यांत जादा काहीच निघालं नाही. ज्या सहा तिच्या डोळ्यांसमोर झाल्या, त्या.

"बारावर दीड. तीनवरही दीड," ती म्हणाली. "दर वेळी दीडच किलो. ते काय आहे, काका?"

तेहतीस वर्षांत उद्धवरावांनी ते माप कधी तोललं नव्हतं. या बाईनं ते कधी पाहिलंही नव्हतं, आणि त्याचं वजन तिच्या कागदावर होतं. सुभद्राबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या.

मग त्यांनी सांगितलं. हिंदुरावांपासून. तागाची पोती, ओल, खडे, वरचं माप, चार ऑपरेटर. चाचण्यांत का टाकलं नाही. सोमवारी विलासला का सांगितलं नाही. सांगताना त्यांचं त्यांनाच ते इतकं किरकोळ वाटलं, की त्यावर माणूस मरावा हे पटेना.

साधनानं पलंगावरचे कागद उचलले. "मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"दोनदा."

"हा कागद मी सोमवारी समितीला देणार आहे. पण तो नुसता आकडा आहे. ते म्हणतील, बाई स्वतःला वाचवतेय. आणि मानलंच, तर सगळं विलासवर जाईल. तो का तसं वागला, ते माझा संगणक सांगू शकत नाही."

ती गेली. सुभद्राबाईंनी विचारलं, आता काय करणार. उद्धवरावांनी पाण्याचा पेला उचलून आत नेऊन ठेवला. सुभद्राबाई म्हणाल्या, "आधी तिच्याकडं जाऊन या. जयमालाकडं. बाहेरून तिच्या कानावर जायला नको."

रविवारी ते पिंपळे गुरवला गेले. जयमालाची सासू बाहेर धान्य निवडत होती. जयमालानं त्यांना आत बसवलं. कोपऱ्यात विलासचं दुचाकीचं हेल्मेट आणि कंपनीचे बूट होते. दोन दिवसांत पॅकिंगला रुजू व्हायचं म्हणून तिनं नवी साडी इस्त्री करून ठेवली होती. उद्धवरावांनी मान खाली घालूनच सगळं सांगितलं.

"म्हंजी त्यांच्याच हातनं झालं," ती शेवटी म्हणाली.

"हात त्याचा. शिकवणं माझं."

"तुमी सांगितलं न्हाई त्यांना, नवीन आल्यावर?"

"नाही."

"का?"

जयमाला उठली, दाराशी जाऊन सासूनं ऐकलं नाही ना ते बघून आली. नोकरीचं काय होईल हे तिला न सांगताच कळलं होतं. इस्त्रीची साडी तिनं उचलून पेटीत ठेवली.

"लिवा तुमी," ती म्हणाली. "पर त्यांनी मनानं केलं आसं लिवू नका. ते तुमाला इचारल्याबिगर पाणीसुदिक पीत नव्हते. तेवडं लिवा. आन मंग पुन्यांदा हितं येऊ नका."

सोमवारी समितीसमोर साधनानं आपले कागद मांडले आणि उद्धवरावांनी जबाब दिला. समितीतले बाहेरून आलेले तज्ज्ञ पुन्हापुन्हा विचारत होते, की तुम्ही विलासला तोंडी किंवा लेखी तशी सूचना दिली होती का. उद्धवराव म्हणाले, नाही, आमच्यात असं सांगत नाहीत, बघून घेतात. तज्ज्ञांना हे लिहायचं कसं ते कळेना. दिग्विजयनं त्यांना व्हरांड्यात नेऊन हळूच सांगितलं, की आठ महिने राहिलेत, उद्धवराव, कशाला ओढवून घेताय. उकल झाली, मॅडम सुटल्या, पुरे झालं.

टंकलेला जबाब सहीला आला. त्यात वाक्य होतं: मृत ऑपरेटरने स्वतःहून ठरलेल्यापेक्षा जादा कॅटलिस्ट टाकला. उद्धवरावांनी सही केली नाही. त्यांनी कोरा कागद मागून घेतला आणि दहावीनंतर पहिल्यांदाच एवढा मजकूर स्वतःच्या हातानं लिहिला. विलासने हे स्वतःहून केले नाही. ते माप मी त्याला शिकवले. नवीन पद्धत आली तेव्हा बंद कर असे मी सांगितले नाही. साधना मॅडमनी मला दोन वेळा विचारले, मी दोन्ही वेळा खरे सांगितले नाही. खाली तारीख, टोकन नंबर, सही.

समितीनं दोन्ही कागद जोडले. अहवालात शेवटी आलं, की कामगारांतील अनधिकृत प्रथेमुळे अपघात झाला, संगणकीय अभ्यासाला अपुरी माहिती पुरवली गेली. उद्धवरावांना निलंबनाचं पत्र मिळालं. बाकीच्या तिघांना ताकीद. जयमालाच्या नोकरीचा विषय विचाराधीन ठेवण्यात आला आणि विचार करणाऱ्यांची पुन्हा बैठक झाली नाही. बसमधले लोक उद्धवरावांशी बोलेनासे झाले. मेलेल्या पोराचं नाव बुडवलं, आणि तेही त्या बाईसाठी, असं त्यांचं म्हणणं. खुलासा करायचा तर कुणापुढं, हे उद्धवरावांना समजेना.

मार्चच्या शेवटी ते ओळखपत्र जमा करायला गेले. कारखान्याच्या फाटकाबाहेर सिमेंटच्या बाकावर साधना त्यांची वाट बघत थांबली होती. ती बारीक झाली होती. नवा कॅटलिस्ट पुन्हा सुरू करायचं चाललंय, तिनं सांगितलं. या वेळी भुकटी कुलूपबंद पेटीतून तोलूनच निघेल. तिनं आभार मानले नाहीत आणि उद्धवरावांनाही ते नको होते. तिनं वही उघडली.

"काका, असं आणखी काही आहे का? जे तुम्ही लोक करता आणि कुठंच लिहिलेलं नाही."

उद्धवराव तिच्या शेजारी बसले. समोरून दुसऱ्या पाळीची बस आत गेली. खिडक्यांतून ओळखीचे चेहरे दिसले आणि वळले. त्यांनी सांगायला सुरुवात केली. ढवळणीचा आवाज जड झाला की दोन नंबरची झडप अर्धा आटा उघडी ठेवतात. पाण्याचा दाब कमी असला तर अलार्मच्या तारेत पुठ्ठ्याचा तुकडा घालतात, नाहीतर तो सारखा वाजतो. फॉर्मालिन सोडायला वीस मिनिटं लिहिलेली आहेत, जेवणाची वेळ असली की बारा मिनिटांत सोडतात. नमुना काढायचं भोक बंद करायचं राहून जातं. साधना लिहीत होती. दुसरं पान भरलं, तिसरं सुरू झालं. अलार्मच्या ठिकाणी ती थांबली आणि तिनं ते पुन्हा सांगायला लावलं.

"हे किती जणांना माहीत आहे?" तिनं विचारलं.

"सगळ्यांनाच," उद्धवराव म्हणाले. "तिन्ही पाळ्यांना."